ससा नखरे करतोय? खाऊ शोधायच्या आधी त्याचं पोट समजून घ्या

जळगाव-भुसावळ पट्ट्यात, तिकडे धुळ्यातसुद्धा, हल्ली बऱ्याच घरात ससे दिसायला लागलेत. पोरांच्या हट्टापायी बाजारातून पांढरी जोडी येते, चार दिवस कौतुक होतं आणि मग प्रश्न सुरू होतो की हा काही खातच नाही हो. गाजर दिलं तर हुंगून बाजूला, कोबी दिली तर तीच गत, पेलेट्सच्या, म्हणजे सशाच्या तयार दाणेदार खाद्याच्या, वाटीत तोंड घालून त्यातले रंगीत दाणे तेवढे निवडून खातो, आणि पोराच्या हातातलं बिस्किट मात्र हिसकावून घेतो. शेजारची आजी येऊन बघते आणि म्हणते, "कितला नखरा करस हाऊ!"

माझं म्हणणं असं आहे की ससा जन्मजात नखरेल वगैरे फारसा नसतो. जो ससा खाऊ नाकारतो तो एकतर भरल्या पोटी असतो, नाहीतर नव्या वासाला बिचकलेला असतो, नाहीतर त्याचं काहीतरी दुखत असतं. या तीनपैकी काय चाललंय ते कळलं की खाऊ शोधणं सोपं आहे, आणि ते न बघता नुसतं गोडाचं प्रमाण वाढवत गेलं की ससा खातो खरा पण पुढे दवाखान्याची वेळ येते.

आधी पोट. सशाच्या पोटात लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक मोठी पिशवी असते, अंधांत्र म्हणतात तिला, आणि त्याच्या पचनमार्गातला तो सगळ्यात मोठा भाग आहे. गावाकडच्या गोबरगॅसच्या टाकीत जे चालतं तेच इथे चालतं, म्हणजे आत कोट्यवधी जिवाणू असतात, गवताचा बारीक चोथा आत येतो, तो आंबतो, आणि त्यातून सशाला ताकद आणि जीवनसत्त्वं मिळतात. जाड धागा मात्र या पिशवीत जातच नाही, तो सरळ पुढे सरकतो आणि त्याच्या कडक गोल लेंड्या होतात. आता गंमत बघा, हा जाड धागा पचत नाही, पण त्याच्यामुळेच आतडी हलती राहतात. धागा कमी झाला की आतडी मंदावतात, आंबवण मध्येच अडकतं, गॅस धरतो, ससा आणखी खायचं सोडतो आणि मग ते चक्र आपोआप थांबत नाही. वर आणखी एक अडचण अशी की सशाला उलटी करताच येत नाही, जे आत गेलं ते पुढूनच बाहेर पडायचं.

आणि हो, ससा स्वतःची एक प्रकारची विष्ठा खातो, त्याला बघून घाबरू नका. मऊ छोट्या गोळ्यांचा चकचकीत घड असतो तो, अंधांत्रातून येतो, ससा तो थेट बुडाशी तोंड नेऊन खातो, बहुतेक रात्री किंवा पहाटे, त्यामुळे आपल्याला सहसा दिसतही नाही. तो घड जर रोज जमिनीवर पडलेला किंवा बुडाला चिकटलेला दिसायला लागला तर समजायचं की खाऊ जास्त होतोय, ससा भरल्या पोटी आहे. माझ्या मते घरच्या घरी करता येणारी ही सगळ्यात भरवशाची टेस्ट आहे, पैसे लागत नाहीत, फक्त सकाळी पिंजरा झाडताना डोळे उघडे ठेवायचे.

आता ही पिशवी चालते धाग्यावर, आणि आपण तिच्यात काय टाकतो, तर पोळी, मुरमुरे, फुटाणे, बिस्किट, हुरड्याच्या दिवसात हुरडा. यातला स्टार्च आणि साखर एकदम आत गेली की चुकीचे जिवाणू माजतात, त्यातले काही विष तयार करतात, आणि लहान पिल्लू असेल तर एका दिवसात जाऊ शकतं. दूध, दही, आणि दुकानात मिळणारे ते दह्याचे रंगीत थेंब, हे तर कशासाठी विकतात देव जाणे, मोठ्या सशाला दूध पचत नाही. केळीचे वेफर्स आपल्याकडे प्रत्येक घरात असतात, ते तळलेले आणि खारट, तेही नको.

मग केळं? जळगावात राहून सशाला केळं द्यायचं नाही हे सांगणं अवघड आहे, २०१६ साली जीआय टॅग मिळालेलं आपलं केळं, आणि ससे त्याच्यावर अक्षरशः तुटून पडतात. द्या ना, पण किती ते बघून द्या. पिकलेल्या केळ्यात शंभर ग्रॅमला साधारण १२ ग्रॅम साखर असते, सफरचंदात १०, पपईत ८, गाजरात ५ च्या आसपास, आणि कोथिंबिरीत एक ग्रॅमही नाही. म्हणजे ज्या गाजराला आपण सशाचं जेवण समजतो ते खरं तर त्याची मिठाई आहे. दोन किलोच्या मोठ्या सशाला सगळी फळं मिळून दिवसाला एक ते दोन चहाचे चमचे एवढीच मर्यादा धरा, आणि तीही रोज गाठायची गरज नाही. केळ्याची पातळ चकती करून तिचे चार तुकडे केले तर एक तुकडा पुरतो. शहाद्याकडची पपई येते तिचंही तसंच. पपई किंवा अननस दिल्याने पोटातले केस विरघळतात असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही, केस त्या रसाने विरघळत नाहीत, केस पुढे ढकलतो तो गवताचा धागा आणि पाणी.

केळं मी एका कामासाठी राखून ठेवायला सांगेन, औषधासाठी. ज्या सशाला केळं क्वचित मिळतं त्याला आजारपणात गोळीची पूड केळ्यात कुस्करून दिली तर तो बिनतक्रार खातो. रोज केळं खाणाऱ्या सशाला त्याचं काही वाटतच नाही, मग तोंड धरून सिरिंजने औषध पाजायची वेळ येते आणि अंगावर ओरखडे निघतात.

बरं, आता नखऱ्याचं मुख्य कारण. बहुतेक घरात ससा उपाशी नसतोच. पेलेट्सची वाटी दिवसभर भरलेली असते, तो निवडून खातो, आणि मग आपण नवीन खाऊ पुढे केला की त्याला कशाला त्यात रस असणार. दोन किलोच्या मोठ्या सशाला दिवसाला ४०-५० ग्रॅम पेलेट्स खूप झाले, त्यातही एकसारख्या तपकिरी रंगाचे घ्यावेत, रंगीत दाणे आणि सुका मेवा मिसळलेले नकोत कारण ससा त्यातलं गोड तेवढं उचलतो आणि उरलेलं सोडतो. खाण्यातला ८०-८५ टक्के भाग गवत हवं, वाळलेलं किंवा ताजं. तुम्ही रंगीत दाणे बंद केले आणि वाटी कमी केली की आठवडाभरात तोच नखरेल ससा गवत चघळताना दिसतो. हे हळूहळू करायचं मात्र, एका दिवसात वाटी उचलली तर सशाचं पोट बंद पडू शकतं, त्याला उपास घडवून वठणीवर आणायचा प्रकार अजिबात करायचा नाही.

गवत म्हटलं की लोक ऑनलाइन परदेशी टिमोथी मागवतात, महाग पडतं, ठीक आहे ज्याला परवडतं त्याने घ्यावं. आपल्याकडे हरळी आहे, म्हणजे गणपतीच्या दूर्वा, मारवेल आहे, सातपुड्याच्या बाजूला पवना मिळतो, हे सगळं सशाला चालतं. पण गवत आणायचं कुठून हा खानदेशात खरा प्रश्न आहे. कपाशीच्या बांधावरचं, केळीच्या बागेतलं गवत हिरवंगार दिसतं म्हणून कापून आणू नका, कपाशीवर फवारणी किती होते ते सांगायला नको, आणि केळीच्या बागेत तणनाशक मारलेलं असतं. फवारणी नसलेली जागा माहीत असेल तिथूनच आणा, नाहीतर सरळ कुंडीत हरळी लावा, तिला मरण नाही. कोवळी हिरवी ज्वारी तर नकोच, कोवळ्या ज्वारीने जनावराला विषबाधा होते हे शेतकरी माणसाला माहीत असतंच, तिच्यातून सायनाइड तयार होतं. लसूणघास ससे आवडीने खातात, पण तिच्यात कॅल्शियम भरपूर, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्या सशाला चिमूटभर खाऊ म्हणूनच. सशाचं शरीर खाल्लेलं कॅल्शियम जवळपास सगळंच शोषतं आणि जादाचं लघवीवाटे टाकतं, म्हणून लघवी कधीकधी पांढुरकी दिसते, फार झालं तर मूत्राशयात गाळ आणि खडे होतात.

दुसरं कारण, वास. सशाच्या जिभेवर सुमारे १७,००० चवीचे कोंब असतात, माणसापेक्षा जास्त, त्यामुळे त्याला चव कळत नाही हा समज डोक्यातून काढा. पण चवीच्या आधी नाक. सशाचे डोळे डोक्याच्या बाजूला, त्यामुळे मागचं-वरचं सगळं दिसतं पण नाकासमोर अगदी जवळ काय धरलंय ते दिसत नाही, तिथे तो नाक, मिशा आणि ओठांनी ओळखतो. आपण काय करतो, तुकडा सरळ तोंडावर नेतो, त्याला दिसत नाही, तो दचकून मागे सरकतो आणि आपण म्हणतो नखरे आहेत. तुकडा जमिनीवर ठेवा, थोड्या बाजूला, आणि गप बसा.

आणि ससा काय खायचं हे आईकडून शिकतो, ही मला फार भारी गोष्ट वाटते. आईने जे खाल्लं त्याचा वास पिल्लाला पोटात असतानापासून, मग दुधातून मिळतो, आणि मोठं झाल्यावर पिल्लू तेच खाणं आपलं मानतं, हे प्रयोगातून दिसलेलं आहे. आता बाजारातल्या पिंजऱ्यातली आई नुसत्या कोबीच्या पाल्यावर आणि दाण्यावर वाढलेली असेल तर तिच्या पिल्लाने मेथी बघितलेलीच नाही, वास अनोळखी, तो का खाईल. रानात अनोळखी पाल्याला तोंड न लावणाराच जगतो.

म्हणून नवीन खाऊ ओळखीच्या वासातून द्यायचा. समजा तो कोथिंबीर खातो आणि मेथी खात नाही, तर मेथीची दोन पानं कोथिंबिरीच्या जुडीत रात्रभर गुंडाळून ठेवा, सकाळी दोन्ही एकत्र द्या. खाल्लं नाही तर संध्याकाळी उचला, परवा परत द्या, तेरव्या परत. दोनदा हुंगून सोडलं म्हणजे आवडत नाही असा निकाल लावू नका, तो फक्त ओळख करून घेतोय. वेळ पण बघा, ससा पहाटे आणि दिवेलागणीला जागा असतो, दुपारी दोनला तुम्ही काहीही पुढे केलं तरी तो झोपेतच बघणार. एका वेळी एकच नवीन गोष्ट, अंगठ्याच्या नखाएवढी, आणि मग पूर्ण दिवस लेंड्या बघायच्या. कडक आणि गोल आहेत तर पुढच्या वेळी थोडं जास्त, लहान किंवा मऊ झाल्या तर ती गोष्ट बंद. जोडी असेल तर काम सोपं, एक खायला लागला की दुसरा त्याच्या तोंडातून ओढून खातो.

आता आपल्या किचनमधून काय काय निघतं ते बघा. कोथिंबीर ही माझी पहिली पसंती, वास जोरदार, साखर नाही, आणि भाजीवाला अजूनही मूठभर फुकट टाकतो. मेथी, शेपू, पुदिना, तुळशीची दोन-चार पानं, बडीशेपेचा हिरवा पाला, मुळ्याचा आणि गाजराचा पाला. पालकात ऑक्झलेट जास्त म्हणून आठवड्यात एखाद-दोन पानं. कोबी-फ्लॉवरचा पाला थोडासाच, काहींना गॅस होतो. शेवग्याचा पाला चालतो पण त्यातही कॅल्शियम, चिमूटभर. जास्वंदीचं फूल, घरच्या गुलाबाच्या पाकळ्या, हे तर बहुतेक ससे हातातून ओढून घेतात, पण फूलवाल्याकडचे गुलाब नको, त्याच्यावर औषध असतं. आणि केळीचं पान! फळापेक्षा पान द्या हो. घराशेजारी बिनफवारणीची केळ असेल तर कोवळं पान फाडून टाका, त्यात धागा आहे, साखर नाही, आणि ससा ते पट्ट्यापट्ट्याने फाडत बसतो, ते बघायलाच मजा येते.

काहींना ओला पाला आवडतच नाही, त्यांना कुरकुरीत हवं असतं, हा प्रकार पुष्कळ सशांमध्ये दिसतो. त्यासाठी आपल्या उन्हाचा उपयोग करून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये आपण पापड-कुरडया वाळवतो तेव्हाच कोथिंबीर, मेथी, पुदिना सावलीत पसरून ठेवा, आपल्याकडच्या कोरड्या हवेत दोन दिवसात कडकडीत होतात, थेट उन्हात मात्र वास उडून जातो. डब्यात भरून ठेवायचं आणि गवतावर चुरा भुरभुरायचा, तो चुरा शोधण्याच्या नादात ससा गवत पण खातो. एका दगडात दोन कामं होतात. डब्यात बुरशीचा वास आला तर सगळं फेकून द्या, काटकसर करू नका.

कुरकुरीतपणाचा संबंध दातांशी पण आहे. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर वर्षाला १०-१२ सेंटीमीटर, आणि ते झिजतात गवत दळून, कडक बिस्किट खाऊन नाही. चावायला पेरूची किंवा तुतीची काडी द्या, साल सोलत बसतो तासभर. तूर-कपाशीच्या काड्या घरात भरपूर असतात चुलीसाठी, त्यातल्या कपाशीच्या नको, पऱ्हाटीवर फवारणीचं औषध बसलेलं असतं. कपाशीत गॉसिपॉल नावाचं द्रव्यही असतं, सरकीत तर भरपूर, म्हणून सरकीची ढेपही नको, म्हैस पचवते, ससा नाही.

आणखी काय नको ते सांगून टाकतो. कांदा, लसूण, चॉकलेट, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला. हिवाळ्यात भरीत पार्ट्या असतात तेव्हा वांग्याचे देठ आणि पानं सशापुढे टाकायची सवय असते काहींना, ती बंद करा, वांग्याच्या हिरव्या भागात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य असतं. अंगणातली कण्हेर, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी यांच्याजवळ मोकळा सोडू नका. आणि गाजरगवत! नावात गाजर आहे आणि पानही लांबून गाजराच्या पाल्यागत दिसतं, पोरं रस्त्याकडेचं उपटून आणतात, ते सशासाठी वाईट आणि पोरांच्या हातालाही खाज आणतं. सफरचंद दिलं तर बिया काढून.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि सशाला तिशीच्या वरच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, तो कानातून उष्णता टाकतो. एप्रिलनंतर ससा खाऊ नाकारायला लागला तर खाऊ बदलण्याआधी जागा बदला, पत्र्याखालचा पिंजरा घरात आणा, ओली फरशी, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, पाला धुऊन निथळता ओलाच द्या. कूलर चालतो पण वारा थेट अंगावर नको. पाणी वाटीत द्या, नळीच्या बाटलीपेक्षा वाटीतून ससे जास्त पितात.

राहिलं तिसरं कारण, दुखणं, आणि इथे खाऊचा खरा उपयोग होतो. तुमच्या सशाचा एक अगदी आवडता पदार्थ तुम्हाला पाठ पाहिजे, कोथिंबीर असेल किंवा जास्वंद असेल. रोज सकाळी त्याचं एक पान द्या. ज्या दिवशी तो धावत येत नाही त्या दिवशी लक्ष ठेवा. पान तोंडात घेतो, चघळतो आणि खाली टाकतो, लाळ गळते, हनुवटी ओली दिसते, तर दाढेला टोक आलं असण्याची शक्यता आहे, गालाला टोचत असतं ते. पान हुंगतही नाही, पाठ गोल करून कोपऱ्यात बसलाय, दात करकर वाजवतोय, लेंड्या नाहीत, तर हे पोट बंद पडल्याचं लक्षण आहे. सशाने दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट बघायची नसते.

आपल्याकडे जनावरांचे डॉक्टर बहुतेक गाय-म्हैस-शेळीवाले, त्यात त्यांचा दोष नाही, काम तेच जास्त येतं. म्हणून ससा ठणठणीत असतानाच दोन-तीन दवाखान्यात फोन करून विचारून ठेवा की तुम्ही ससे बघता का, नसाल तर जवळ कोण बघतं. आणि औषध लिहून दिलं की एक विचारा, हे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तर नाही ना. कुत्र्याला चालणारी ही औषधं सशाला तोंडाने दिली तर अंधांत्रातले चांगले जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. घरात उरलेलं पोरांचं सिरप तर चुकूनही पाजू नका.